आमच्या भिंतीवरचा फळा

परवा माझ्या मुलीनं तिच्या ब्लॉगची फीड हलवली. फीड म्हणजे आपण नवीन काही लिहिलं की ते नेहमीच्या वाचकांपर्यंत परस्पर पोचवणारी सोय, एवढं तिनं मला पूर्वीच शिकवून ठेवलंय. ती आजवर कुठल्याशा फुकट सेवेवरून चालायची. त्या लोकांनी मध्येच जाहिराती घुसवल्या, लेख कधी पोचायचे, कधी नाही. शेवटी तिनं स्वतःचा सर्व्हर घेतला आणि सगळं बिऱ्हाड तिकडे नेलं. "दुसऱ्याच्या भिंतीवर किती दिवस लिहायचं, बाबा?" असं ती सहज म्हणाली. मी विचारलं, वाचणाऱ्यांचं काय? तर म्हणे त्यांना काही करावंच लागत नाही. जुन्या पत्त्यावर आलेला माणूस आपोआप नव्या पत्त्यावर जाऊन पडतो, त्याला कळतसुद्धा नाही. मी "बरंय" म्हणालो आणि चहा ढवळत बसलो. चिडलो होतो, पण कुणावर ते तिला सांगता आलं नसतं.

असं बिऱ्हाड मीही एकदा हलवलं होतं. नव्वदच्या दशकात, आमच्या गावात, आणि माझ्या हातात सर्व्हरच्या जागी खडू होता.

साताऱ्याहून सांगलीकडे निघालेली एसटी रहिमतपूर मागे टाकून जिथे चहाला थांबायची, ते आमचं गाव. स्टँड म्हणजे पत्र्याची एक शेड, तिच्यात कायम झोपलेली दोन कुत्री, आणि समोर सायकलचं दुकान. तिथे सायकली भाड्यानं मिळत, पंक्चर निघत, आणि गावातल्या एकूणएक भानगडींवर चर्चा होई. दुकानाच्या बाहेरच्या भिंतीला एक भलामोठा फळा ठोकलेला होता. कुठल्या तरी निवडणुकीत कुणी तरी लावलेला, नंतर विसरलेला. मी तेव्हा बी.ए. होऊन घरी बसलो होतो. पदवी मिळाली की आधी घरी बसायचं, अशी आमच्याकडे रीतच होती. माझं अक्षर चांगलं आहे हे दुकानाच्या मालकांना ठाऊक होतं. मी त्यांना काका म्हणायचो. ते एकदा म्हणाले, "फळा नुसताच लटकतोय. लिव की रं कायतरी."

मग मी लिहायला लागलो. सकाळच्या गाडीनं साताऱ्याहून काकांकडे पेपर यायचे, त्यातल्या मोठ्या बातम्या सगळ्यात वर. त्याखाली गावचं: कोणती गाडी रद्द झाली, सांगलीच्या बाजारात हळद काय भावानं गेली, कोण वारलं, माती कधी आहे. आणि अगदी खाली, चौकट आखून, माझ्या स्वतःच्या चार-सहा ओळी. त्यात मनाला येईल ते असायचं. म्हसवडच्या यात्रेहून परतलेल्या मंडळींनी एसटीच्या शिटा गुलालानं कशा रंगवल्या आणि दुसऱ्या दिवशी त्या गाडीतून पांढऱ्या कपड्यांत उतरलेल्या गुरुजींची मागची बाजू कशी दिसत होती, हे मी लिहिलं तेव्हा कंडक्टरनं घंटी न मारता आधी ते वाचून घेतलं. खिडक्यांतून माना बाहेर आल्या होत्या. मी शेडमध्ये उभा राहून हे बघत होतो. आयुष्यात नंतर मला पगार मिळाला, बढती मिळाली, पण छाती तेवढी कधी फुगली नाही.

फळ्यावर माझं नाव नसायचं. गाव त्याला "सायकलवाल्याचा फळा" म्हणायचं. मला त्याचं काही वाटत नव्हतं, असं मी म्हणायचो.

रोज न चुकता वाचणारे एक जण होते. सैन्यातून सुभेदार होऊन परतलेले, म्हणून सगळे त्यांना सुभेदारच म्हणत. हात मागे बांधून फळ्यासमोर उभे राहायचे, वरपासून खालपर्यंत तपासणी केल्यासारखं वाचायचे आणि मग माझ्याकडे वळून निकाल द्यायचे. "आज तिसरी ओळ ढिली हाय तुजी. कवायतीत असला गडी मी रांगंतनं भाईर काढला असता." मी घरी जाऊन ती तिसरी ओळ पुन्हा पुन्हा मनात म्हणून बघायचो. बहुतेक वेळा ती खरंच ढिली असायची.

आता आम्ही कोण ते सांगायला हवं. आमची वस्ती गावाच्या कडेला, बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. आजोबांच्या पिढीनं बौद्ध धर्म घेतला, त्या घरांची वस्ती. माझे वडील गवंडी. गावातली निम्मी घरं त्यांच्या ओळंब्यानं सरळ उभी राहिली होती. मी त्यांना आबा म्हणायचो. गावात कुणी आम्हाला तोंडावर काही बोलत नसे. ते दिवस गेले होते, असं सगळेच सांगायचे. काकांच्या दुकानात पाण्याचा माठ होता. बाकीचे लोक पेला बुडवून पाणी प्यायचे. मी पुढे झालो की काका लगबगीनं उठायचे आणि तांब्यानं वरून माझ्या ओंजळीत ओतायचे. ओंजळीनं पाणी गोड लागतं, असं मी स्वतःला समजावून ठेवलं होतं.

त्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीचा नळ कोरडा पडला. गावाला पाणी येत होतं, आम्हाला नव्हतं. मी चौकटीत त्याबद्दल दोन ओळी लिहिल्या. फार तिखटही नव्हत्या. दुपारी परत आलो तर त्या जागी ओल्या फडक्याचा डाग होता, बाकी फळा जसाच्या तसा.

"काका, कुणी पुसलं?"

"म्याच पुसलं." काका ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे शोधत होते. "सरपंचाची पोरं हितंच सायकली लावत्यात. दुकान हाय माजं. असलं नगं."

"खोटं काय हाय त्यात?"

"खोटं न्हाई रं. पर फळा बी माजाच हाय न्हवं?"

ते रागावलेले नव्हते. त्यांनी चहा सांगितला. मी मात्र तापलो. "मग तुमीच लिवा," म्हणालो आणि खडूची पेटी काखेत मारून निघालो. खडू तेवढे माझे होते.

घरी आल्यावर वाटलं होतं, वडील मलाच झापतील. भांडण करून दार बंद करून घेण्याचा धंदा त्यांना परवडणारा नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग बाहेर जाऊन रस्त्याकडच्या भिंतीकडे बघत उभे राहिले.

"ही भिंत कुनाची हाय?"

"आपली."

"मग?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी काम सुरू केलं. जुना गिलावा खरवडला, नवा इतका घोटला की बोट फिरवलं तर कागदासारखं लागायचं. त्यावर पाणी मारायला ते विहिरीवरून घागरी आणत होते. नळ तर कोरडाच होता. वस्तीतल्या बायकांनी रेडिओचे आणि बॅटरीचे जुने सेल काढून दिले. त्यातली काळी पूड आणि माक्याच्या पाल्याचा रस एकत्र करून वडिलांनी भिंत काळी केली. वर पावसासाठी छोटा छज्जा, खाली खडूसाठी कंगोरा, आणि समोर बसायला दगडी कट्टा. कट्ट्याचं मला नवल वाटलं. काकांकडे तर लोक उभ्यानंच वाचायचे.

"उभं कशाला ऱ्हायचं? निवांत वाचतील," वडील म्हणाले. मग थापी पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी त्यांच्या घरांची जोती बांदली, माड्या बांदल्या. त्यांनी एकदा माज्या दारात थांबाय नगं व्हय? बोलावल्याबिगर, आपलं आपन?"

त्यांनी इतकं मोठं मागणं कधी बोलून दाखवलं नव्हतं. तोवर हा माझा आणि काकांचा तंटा होता. त्या दिवशी तो वडिलांचा झाला.

जुन्या फळ्यावर मी सूचना लिहिली: फळा उद्यापासून बाजारच्या रस्त्याला, गवंड्यांच्या भिंतीवर. काकांनी ती पुसली नाही. उलट खडूचं पुसलं जाईल म्हणून त्यांनी स्वतः ऑइलपेंटनं बाण काढून दिला. त्यांच्यावर धड रागावण्याची सोयही त्यांनी ठेवली नाही.

पहिल्या दिवशी वडील कामावर गेले नाहीत. धुतलेला सदरा घालून कट्ट्याच्या बाजूला उभे राहिले. आणि मी लिहून वळलो तर तिथे एक रांजण होता. झाकण घातलेला, खाली ओली वाळू, आणि झाकणावर उपडे घातलेले नवेकोरे स्टीलचे पेले. मी बघतच राहिलो. "वाचाय येनाऱ्याला ऊन लागतंय," वडील म्हणाले. आपल्या दारात आलेल्या माणसाला पाणी विचारायचं, यापलीकडे त्यांच्या मनात काही नव्हतं. उन्हाळ्यात आमच्याकडे कुणीही हेच केलं असतं.

लोक आले. खरंच आले. कॉलेजची पोरं, शिंपी, बाजाराला चाललेली दोन-चार माणसं, आणि सुभेदार. वडील प्रत्येकापाशी गेले. "पानी घ्या."

पोरं म्हणाली, आत्ताच पिऊन आलो. शिंपी म्हणाला, चहा झालाय, वर पाणी नको. कुणाचा घसा धरला होता. कुणाला गाडी गाठायची होती. सुभेदारांचं अर्धं वाचून झालं होतं, वडिलांनी पेला भरून पुढे केला तेव्हा ते म्हणाले, "आज उपास हाय." उपासाला पाणी चालतं हे वडिलांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि सुभेदारांनाही ठाऊक होतं. वडील "बरं, बरं" म्हणाले आणि पेल्यातलं पाणी त्यांनी भिंतीच्या कडेच्या तुळशीसारख्या दिसणाऱ्या कसल्याशा झुडपाला घातलं. सुभेदारांनी उरलेलं वाचलं नाही. तिसरी ओळ ढिली आहे की घट्ट, काही न बोलता सायकलवर बसून गेले.

दुसऱ्या दिवशी माणसं कमी आली. मग पोरं यायची थांबली. आठवडा सरता सरता कुणीच येईना. बाजाराला जाणारा रस्ता तोच, जाणारी माणसं तीच, पण आमची भिंत आली की त्यांचं लक्ष समोरच्या उसाकडे जायचं. उसात वाचण्यासारखं काही नव्हतं. कुणी वाटेत भेटला आणि मी विचारलं, तर म्हणायचा, "लय लांब पडतंय गड्या." दिवसातून दोनदा आमच्या दारावरून जाणाऱ्या माणसाला आमचं दार लांब पडत होतं.

मग मी स्टँडवर गेलो, काय चाललंय ते बघायला. जाऊ नये असं वाटत होतं, तरी गेलो. बाण होता तसाच होता. त्याच्या शेजारी, माझ्या जागेत, काकांनी राशिभविष्य लिहायला सुरुवात केली होती. गिचमिड अक्षर, ओळी उताराला लागलेल्या. आणि समोर गर्दी, तेवढीच. त्याच खिडक्या, त्याच माना. "मेष: प्रवासाचे योग," कुणी तरी मोठ्यानं वाचलं आणि मेषवाला खूश झाला. एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या माणसाला प्रवासाचे योग सांगितले तर चुकणार कसे? मी हसलो असतो, पण ती माझीच माणसं होती. मला वाटलं होतं ती मला वाचतात. ती गाडीची वाट बघत होती.

हेच खरं मानून मी गप्प बसलो असतो. त्यात अपमान होता, पण तो माझ्या एकट्याचा होता, सोसण्यासारखा. पण पुढे पिठाच्या गिरणीत सुभेदार भेटले. पट्टा फिरत होता, सगळं पांढरं झालेलं, जोरात बोलावं लागत होतं. मी सरळ विचारलं.

"आवं सुभेदार, फळा वाचाय येत न्हाई तुमी. का?"

ते मला बाहेर घेऊन गेले.

"तुला खोटं सांगत न्हाई. पलटनीत एका ताटात जेवलोय सगळ्यांबरूबर. कुनाची जात इचारली न्हाई. हितं आलो की हितलाच होतो बग. तुजा बा पानी पुढं करतो. घेतलं तर सांजच्याला माज्या घरात म्हातारीला कळतंय. नगं म्हनलं तर तुज्या बाच्या तोंडाकडं बगवत न्हाई. मग त्या रस्त्यानं जायचंच सोडलं मी. मळ्यातनं जातो."

मी सदऱ्यावरचं पीठ झटकलं.

"तेवढा रांजन हलीव," ते म्हणाले. "समदी येतील. फळा लय चांगला हाय तुजा."

त्यांना मी शिवी दिली असती, तर बरं झालं असतं. पण त्यांचं बरोबर होतं, म्हणून संताप जास्त होता. वडिलांनी माणसं थांबावीत म्हणून पाणी ठेवलं आणि त्या पाण्यानंच माणसं पळवली. नुसती भिंत असती तर लोकांनी वाचलं असतं, मान हलवली असती आणि गेले असते. कुणाचं काही उघडं पडलं नसतं. रांजणानं रोज प्रत्येकाला प्रश्न विचारला होता. आणि तो हलवायचा तर वडिलांना कारण सांगावं लागणार. काय सांगणार होतो? आबा, तुमची भिंत चालेल, तुमचं पाणी नको?

मी सांगितलं नाही. रोज लिहीत राहिलो. कुणी वाचत नाही म्हटल्यावर अक्षर आपोआप बारीक होत जातं, हे मला तेव्हा कळलं. वडील संध्याकाळी कामावरून आले की हातपाय धुण्याआधी विचारायचे, "कोन आलतं?" मी म्हणायचो, आले होते दोघं-तिघं. ते रांजणाचं झाकण उचलून आत बघायचे. पाणी सकाळी भरलं तेवढंच असायचं. मग पेल्यांवरची धूळ सदऱ्याच्या टोकानं पुसून ते पुन्हा उपडे घालायचे. ज्या माणसाला भिंतीतला केसाएवढा बाक नजरेनं कळायचा, त्याला हे कळत नसेल असं मी धरून चाललो होतो.

एका सकाळी मी खडू घेऊन बाहेर आलो तर रांजण नव्हता. जमिनीवर ओल्या वाळूचं गोल वर्तुळ तेवढं होतं. वडील ते पायानं सारखं करत होते.

"आत घेतला," ते म्हणाले. "उनानं पानी तापतंय."

मी हो म्हणालो.

थोड्या वेळानं, दुसरीकडे बघत, ते म्हणाले, "आता येतील."

त्या दिवशी मी जीव ओतून लिहिलं. मोठं, ठळक, रस्त्यावरून जाताना दिसेल असं. वडील बाहेर थांबले नाहीत. कुणाला अवघडायला नको म्हणून ते आत, दाराच्या मागे बसले. त्यांनी बांधलेल्या घरात, त्यांनीच बसवलेल्या चौकटीआड, माझे वडील लपून बसले होते. मला ते बघवेना, पण मी काही म्हणालो नाही, कारण मलाही वाटत होतं की आता येतील.

दुपारी सुभेदार आले. मळ्यातली वाट सोडून रस्त्यानं आले. सायकलचा वेग कमी झाला. एक पाय टेकायला त्यांनी खाली सोडलासुद्धा. मग त्यांची नजर त्या मोकळ्या जागेवर गेली. तिथे काय होतं आणि ते आता का नाही, हे त्यांच्याइतकं गावात दुसऱ्या कुणाला कळणार होतं? आता थांबायचं म्हणजे माझ्या वडिलांनी काय गिळलं ते समोर उभं राहून बघायचं. त्यांनी पाय वर घेतला आणि खाली मान घालून पॅडल मारत गेले. रांजण असताना ते येत नव्हते. तो काढल्यावर त्यांना येणंच शक्य राहिलं नाही. दाराआडून वडिलांनी विचारलं, "कोन हुतं?" मी म्हणालो, कुणी नाही, वाटसरू होता.

बाकीचेही आले नाहीत. त्यांची उसाकडे बघायची सवय पक्की झाली होती. रांजण आतच राहिला.

पावसाळ्याच्या तोंडाला मला सांगलीत एका हळदीच्या पेढीवर कारकुनी मिळाली. निघायच्या दिवशी पिशवी खांद्याला लावून मी वडिलांच्या पाया पडलो. त्यांनी बाहेर येऊन भिंतीकडे पाहिलं. आदल्या दिवशीचं सगळं फळ्यावर होतं, वरच्या बातम्या, खालची चौकट.

"फळा पुसून जा," ते म्हणाले.

"असू द्या की, आबा. आपोआप जाईल."

"न्हाई. पुस. कोरा असला तर वाटंल आज लिवलं न्हाई. जुनं तसंच ऱ्हायलं, तर कुनी वाचत न्हवतं ह्ये दिसंल."

मी आत जाऊन रांजणात फडकं भिजवलं आणि फळा पुसला. पुसून होईपर्यंत ते माझ्या मागे उभे होते. मग ते कामावर गेले आणि मी सांगलीची गाडी धरली.